सनफिश ओळखायचा कसा? शेपूट नसलेल्या माशाच्या कुळाची सविस्तर ओळख

ऑक्टोबर २०२० ची गोष्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेअरहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या खाडीत पाण्याबाहेर एक पर डुलताना दिसू लागला आणि लोकांनी पोलिसांना फोनवर फोन सुरू केले. कुणाला तो शार्क वाटला, कुणाला संकटात सापडलेला सील. शेवटी गावाच्या नैसर्गिक संपदा विभागाला जाहीर विनंती करावी लागली, की फोन थांबवा. तो सनफिश आहे आणि सनफिश एरवी जे करतो तेच करतोय.

फोन करणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. हा मासा पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, की मागचा अर्धा भाग कुणीतरी खाऊन टाकलाय आणि उरलेला बिचारा कसाबसा तरंगतोय. ज्यांना नाव ठाऊक असतं त्यांचीही गाडी बहुधा ‘मोला मोला’ या एका नावाशी थांबते. या कुळात आज पाच जाती मानल्या जातात. बालीच्या समुद्रात सनफिश पाहायला जाणारे पाणबुडे वर्षानुवर्षं ज्याला मोला मोला म्हणत आले, तो बहुतेक वेळा वेगळ्याच जातीचा असल्याचं पुढे कळलं. म्हणजे चूक नवख्यांचीच होते असं नाही.

या लेखात आपण समोरचा सनफिश, मग तो समुद्रात असो, किनाऱ्यावर असो वा फोटोत, पायरीपायरीने कसा ओळखायचा ते पाहू. सगळ्या पायऱ्यांचा भार एकाच गोष्टीवर आहे: शेपूट नसलेला हा मासा ओळखायचा मात्र शेपटीकडूनच.

आधी नावाचं आणि नात्याचं

‘मोला’ म्हणजे लॅटिनमध्ये जातं. लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये या माशाचं शास्त्रीय नामकरण केलं तेव्हा हाच शब्द वापरला. करडा, खरबरीत, गोलसर आणि चपटा. जात्याची तळी उभी करून पाण्यात सोडावी तसा. जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश लोक त्याला ‘चंद्रमासा’ म्हणतात. इंग्रजीत तो सूर्याचा झाला, कारण पृष्ठभागावर आडवा पडून तो ऊन खाताना दिसतो. पोलिश भाषेतलं नाव मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. त्याचा अर्थ साधारण ‘नुसतं डोकं’.

लिनिअसने त्याला पफरफिशच्या घरात बसवलं होतं. पुढे प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी झाली, पण नातं खरंच निघालं. फुग्यासारखा टम्म फुगणारा पफरफिश, अंगभर काटे असलेला पॉर्क्युपाइनफिश, पेटीसारखा बॉक्सफिश आणि सनफिश, हे सगळे एकाच गणातले. सनफिशचं कुळ मोलिडी. दात एकमेकांत मिसळून बनलेली पोपटासारखी चोच हा त्या नात्याचा पुरावा मोठेपणीही दिसतो. लहानपणी तर पुरावा ढळढळीत असतो. दोन-अडीच मिलिमीटरचं पिल्लू चारी बाजूंनी काटे फुटलेल्या चांदणीसारखं दिसतं आणि सुरुवातीला त्याला शेपटीचा परही असतो. वाढताना काटे आखडतात आणि शेपूट नाहीसं होतं.

पायरी पहिली: हा सनफिशच आहे ना?

लांबून दिसतो तो फक्त एक पर. शार्कचा पर पाणी कापत सरळ, ठाम जातो. सनफिशचा पर डावीकडे कलतो, उजवीकडे कलतो, कधी पाण्यावर सपकन आपटतो, मधेच दिसेनासा होतो. वाऱ्यात हलणाऱ्या सैल फळीसारखी ही हालचाल एकदा पाहिली की पुन्हा गफलत होत नाही.

हे डुलणं म्हणजे अशक्तपणा नव्हे. पोहायची रीतच तशी आहे. बहुतेक मासे अंग वळवून शेपटीने पाणी मागे ढकलतात. सनफिशकडे शेपूट नाही, अंग वळवणारे बाजूचे स्नायूही नाहीत आणि कणा अगदी आखूड, मोला मोलात जेमतेम १६ मणक्यांचा. फासळ्या नाहीत, पोटाखालची परांची जोडी नाही. उरतात पाठीवरचा एक उंच पर आणि बरोब्बर त्याच्याखाली, गुदद्वारामागचा तितकाच लांब दुसरा पर. हे दोन पर तो एकाच वेळी एकाच बाजूला मारतो. पक्ष्याचे पंख आडवे असतात, याचे उभे, एवढाच फरक मानायला हरकत नाही. जपानी संशोधकांनी माशांवर यंत्रं बसवून २००८ मध्ये हे मोजून दाखवलं. दोन्ही परांचा उगम आणि घडण वेगळी, तरी त्यांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं भरतं, नाहीतर मासा कलंडला असता. प्रौढ माशाला वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, नसतो. त्याऐवजी कातडीखाली जेलीसारखा जाड थर असतो. हवेची पिशवी खोल पाण्यात दाबली जाते, हा थर दाबला जात नाही. त्यामुळे भराभर वर-खाली करण्याची मुभा मिळते.

म्हणून ‘प्रवाहाबरोबर वाहणारा निरुपयोगी गोळा’ ही त्याची इंटरनेटवरची ख्याती मला मान्य नाही. कॅलिफोर्नियाजवळ माग काढलेले मोला दिवसाला सरासरी २६ किलोमीटर जात होते. हा मासा पाण्याबाहेर उडीही मारतो. एवढं धूड हवेत कसं जातं, हे पाहणाऱ्यालाच पटेल.

जवळून पाहायला मिळालं तर आणखी दोन खुणा पुरेशा आहेत. कल्ल्याच्या जागी मोठं झाकण नसतं, छातीच्या छोट्या परापुढे एक लहानसं भोक असतं. आणि तोंड अंगाच्या मानाने फारच छोटं, आश्चर्याने ‘ओ’ केल्यासारखं अर्धवट उघडं.

पायरी दुसरी: शरीराची ठेवण

लांबी उंचीच्या साधारण दुप्पट आहे का? मासा गोल नसून लांबट, चांदीसारखा चकचकीत आणि तोंडाजवळ पट्टे-ठिपके असलेला आहे का? मग पुढे काही पाहायची गरज नाही. तो रॅन्झानिया लेव्हिस, म्हणजे सडपातळ सनफिश. हा कुळातला सर्वांत लहान सदस्य. फार तर मीटरभर वाढतो, चपळ असतो आणि थव्यानेही फिरतो. मागची कड जवळजवळ सरळ, सुरीने कापल्यासारखी. त्याचं तोंड मिटताना ओठ उभ्या चिरेसारखे जुळतात. बाकीच्या चौघांत असं होत नाही. कामिल्लो रॅन्झानी या इटालियन निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून या प्रजातीचं नाव पडलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

उंची आणि लांबी साधारण सारखी असेल, तर तिसरी पायरी चढायची.

पायरी तिसरी: मागची कड

ही पायरी सावकाश चढायची. पाठीवरचा पर आणि खालचा पर यांचे मागचे किरण (पराला आधार देणाऱ्या काड्या) सरकत सरकत एकमेकांना मिळाले आणि त्यातून एक जाड, कातडी पट्टा तयार झाला. शास्त्रज्ञ त्याला क्लॅव्हस म्हणतात. मी सुकाणू म्हणतो, कारण वळताना मासा त्याचा वापर तसाच करतो. पुढे फोटो काढताना इतर काही निसटलं तरी चालेल, ही कड निसटता कामा नये.

कडेच्या मध्यावर, किंचित वरच्या अंगाला, टोक बाहेर आलंय का? असेल तर तो मास्टुरस लॅन्सिओलेटस, टोकदार शेपटीचा सनफिश. उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत राहतो आणि तीन मीटरच्या पुढे वाढू शकतो. हे टोक कधी भाल्यासारखं लांब असतं, कधी नुसताच उंचवटा. जखम झालेल्या कडेचा लोंबणारा तुकडा लांबून तसाच दिसू शकतो, म्हणून टोकाच्या दोन्ही बाजूंची कड सलग आहे का, ते पाहावं.

टोक नसेल तर उरतात मोला प्रजातीतले तिघे. आता कडेचा आकार बोटाने हवेत गिरवून पाहा. मी खरंच तसं करतो, कारण डोळा ‘गोल आहे’ म्हणून मोकळा होतो आणि बोटाला खाचा कळतात.

मोला मोलाची कड लाटांची असते. पूर्ण वाढलेल्या माशात एकामागून एक उंचवटे आणि खळगे स्पष्ट दिसतात.

मोला अलेक्झान्ड्रिनीची कड लाटांविना, एकसंध गोलाई घेतलेली.

मोला टेक्टाचीही कड गोलसर, पण मध्ये एक खाच. त्या खाचेने सुकाणूचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पडतात. कडेच्या आतल्या बाजूने गुळगुळीत कातडीची एक पट्टी जाते आणि खाचेपाशी ती पुढच्या दिशेने आत वळते.

पायरी चौथी: कपाळ आणि हनुवटी

कड नीट दिसली नसेल किंवा शंका असेल तर डोक्याकडे वळा. मोठ्या अलेक्झान्ड्रिनीच्या डोळ्याच्या वर कपाळाला ठसठशीत टेंगूळ येतं आणि हनुवटीखालीही फुगवटा दिसतो. बाजूने पाहिलं तर चेहरा रागावलेल्या बैलासारखा. योगायोग असा, की जपानीत सनफिशला ‘मांबो’ म्हणतात आणि या जातीला ‘उशी-मांबो’, म्हणजे बैल-मांबो. मोला मोलाला असं टेंगूळ नसतं. टेक्टाला टेंगूळही नाही, हनुवटीही नाही आणि थोबाडही पुढे आलेलं नाही. तिघांत त्याचीच बाह्यरेषा सर्वांत सफाईदार आणि अंगही तुलनेने सडसडीत.

अलेक्झान्ड्रिनीचं नाव रॅन्झानीने १८३९ मध्येच दिलं होतं. पण दीर्घकाळ ही जात मोला रॅमसेई या दुसऱ्याच नावाने ओळखली जात होती. जुनी कागदपत्रं आणि नमुने तपासून एत्सुरो सावाई हे जपानी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या सुमारास मूळ नाव परत आणलं. म्हणून जुन्या लेखांत ‘रॅमसेई’ दिसलं तर तो वेगळा मासा समजू नका.

जगातला सर्वांत वजनदार अस्थिमत्स्यही (हाडांचा सांगाडा असलेला मासा) याच जातीचा. डिसेंबर २०२१ मध्ये अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांपैकी फायालजवळ एक मेलेला मासा तरंगताना सापडला. वजन २७४४ किलो, लांबी ३२५ सेंटीमीटर आणि वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत ३५९ सेंटीमीटर. त्याआधीचा विक्रम १९९६ मध्ये जपानच्या कामोगावाजवळ पकडलेल्या २३०० किलोच्या माशाचा. तो मासा सुरुवातीला मोला मोला म्हणून नोंदला गेला आणि नंतर त्याचं टेंगूळ, हनुवटी आणि गोल कड पाहून अलेक्झान्ड्रिनी ठरला. त्यामुळे ‘मोला मोला हा जगातला सर्वांत जड हाडांचा मासा’ हे वाक्य अजूनही कुठे वाचलं तर ते मागच्या पानावरचं समजा.

जिथे हात टेकावेत

मीटरभराहून लहान मोला समोर असेल तर जात सांगायचा मोह आवरा. टेंगूळ, हनुवटी आणि कडेच्या लाटा या मासा वाढेल तशा उमटणाऱ्या खुणा आहेत. लहानपणी तिघे बरेचसे सारखे दिसतात आणि खात्री हवी असेल तर डीएनएच तपासावा लागतो. नोंदीत नुसतं ‘मोला’ लिहिणं हे अज्ञान नाही. चुकीची जात ठामपणे लिहिलेल्या नोंदीपेक्षा ती नोंद कितीतरी कामाची.

रंगावर विसंबू नका. तोच मासा काही क्षणांत फिकट किंवा गडद होतो. अंगावरच्या पांढुरक्या नक्षीचा उपयोग मात्र आहे, फक्त तो जातीसाठी नाही. गडदपणा बदलला तरी नक्षीची मांडणी टिकते, त्यामुळे बालीत पाणबुड्यांच्या फोटोंवरून एकेक मासा वेगळा ओळखला जातो.

समुद्रावर भेट झाली तर

आडवा पडलेला मासा आजारी आहे असं गृहीत धरू नका. जपानी संशोधकांनी माशांना कॅमेरे आणि तापमापक लावले, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. मासा १०० ते २०० मीटर खोल, गार पाण्यात उतरतो, तिथे सायफोनोफोर नावाचे जेलीफिशचे नातलग खातो आणि अंग थंड पडलं की वर येऊन ऊब घेतो, मग पुन्हा खाली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे ते लोळणं दोन फेऱ्यांमधली विश्रांती आहे. वर आल्यावर दुसरंही एक काम उरकतं. या माशाच्या अंगावर आणि आत मिळून ४० हून अधिक जातींचे परजीवी आढळले आहेत, आणि पृष्ठभागावर समुद्रपक्षी ते टिपून खातात. एका अभ्यासात तर चक्क अल्बट्रॉस हे काम करताना दिसले.

तेव्हा बोटीचा वेग कमी करा, इंजिन शक्यतो बंद ठेवा आणि बाजूने पाहा. धडक ही खरी भीती आहे. १९९८ मध्ये सिडनीकडे निघालेल्या गोलायथ या मालवाहू जहाजाच्या नाळेवर १४०० किलोचा सनफिश अडकला आणि जहाजाचा वेग १४ नॉटवरून १० वर आला. अझोर्सच्या विक्रमवीराच्या डोक्यावरही मोठी दुखापत होती आणि तिच्यात बोटीच्या तळाला देतात तसला लाल रंग सापडला. ती इजा जिवंतपणी झाली की मेल्यावर, हे मात्र ठरवता आलं नाही.

पाण्याखाली असाल तर नियम एकच: मासा आधी स्थिरावू द्या. बालीच्या नुसा पेनिडा परिसरात जुलै ते ऑक्टोबर हा सनफिशचा हंगाम. तेव्हा खालचं गार पाणी वर येतं आणि मासे प्रवाळांपाशी अंग साफ करून घ्यायला येतात. बॅनरफिशसारखे छोटे मासे त्यांचे परजीवी टिपतात. साफसफाई सुरू होण्याआधीच कुणी पुढे सरसावलं तर मासा उलट फिरतो आणि खोल निघून जातो. मग मागे राहिलेल्या सगळ्यांचा दिवस वाया. दूर थांबा, मागून किंवा खालून जाऊ नका, फ्लॅश मारू नका, हात लावू नका. त्याच्या कातडीवर चिकट बुळबुळीत थर असतो, तो खरवडला जाता कामा नये.

किनाऱ्यावर सापडला तर

प्रथम कल्ल्याचं भोक आणि तोंड पाहा. हालचाल असेल तर परांना धरून ओढू नका. अंग जड, पर नाजूक. कातडी आणि कल्ले ओले ठेवा आणि स्थानिक सागरी बचाव पथकाला कळवा. अमेरिकेत केप कॉडच्या आखाती भागात शरद ऋतूत पाणी गार होताना सनफिश अडकतात, तिथे प्रशिक्षित लोक हेच करतात.

मेलेला असेल तर तो अभ्यासासाठी मोलाचा ऐवज आहे. थोबाडाच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंत लांबी घ्या. वरच्या पराच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत उंची वेगळी लिहा. या दोन आकड्यांची गल्लत झाल्यामुळे ‘साडेतीन मीटरचा मासा’ म्हणजे नक्की काय, हे बातम्यांतून बहुधा कळत नाही. मग फोटो: पूर्ण मासा अगदी बाजूने, शेजारी मोजपट्टी, मागची कड जवळून, वाळू झटकून, डोकं बाजूने, हनुवटी खालून. खाण्याचा विचार करू नका. तैवान आणि जपानमध्ये तो खाल्ला जातो, पण युरोपीय संघात या कुळातले मासे विकायलाच बंदी आहे.

मत्स्यालयात पाहणार असाल तर

इथे बहुधा मोला मोलाच भेटेल, तोही तरुण. वाढीचा वेग पाहता तो फार काळ तिथे राहूही शकत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयात एक मासा १५ महिन्यांत २६ किलोवरून ३९९ किलोवर गेला. काही जपानी मत्स्यालयांत टाकीच्या भिंतीआधी पारदर्शक पडदा लावतात, कारण सनफिशला चटकन वळता येत नाही आणि तो काचेवर आदळतो. शिमोनोसेकीचं मत्स्यालय दुरुस्तीसाठी बंद झालं तेव्हा तिथला सनफिश खाईना. कर्मचाऱ्यांनी काचेबाहेर माणसांच्या चेहऱ्यांची चित्रं आणि गणवेश टांगले, आणि दुसऱ्या दिवशी तो सावरल्याची बातमी २०२५ च्या सुरुवातीला जगभर गाजली. त्याला खरंच माणसांची सवय झाली होती का, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण टाकीसमोर उभं राहिलात तर त्याचा डोळा तुमच्याबरोबर फिरतो का, हे जरूर पाहा.

आता संख्येबद्दल थोडं

१९२१ मध्ये योहानेस श्मिट या डॅनिश जीवशास्त्रज्ञाने दीड मीटरच्या एका मादीच्या पोटात ३० कोटी अंडी असल्याचा अंदाज मांडला. तो आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतो आणि त्यावरून ‘मग काळजी कसली’ असा निष्कर्ष काढला जातो. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत मात्र मोला मोला ‘असुरक्षित’ गटात आहे. तलवार मासा वगैरेंसाठी लावलेल्या जाळ्यांत सनफिश नाहक अडकतात, हे मुख्य कारण. शिवाय जाळ्यातल्या माशाची नोंद अनेकदा नुसती ‘सनफिश’ अशी होते, त्यामुळे पाचांपैकी कोण घटतोय हे कळणं आणखी अवघड.

एका चांगल्या फोटोची किंमत

मोला टेक्टाचा पत्ता आधी डीएनएत लागला. कातडीच्या नमुन्यांत अनोळखी वंश दिसत होता, पण मासा कुठेच नव्हता. मारियाना न्यूगोर या संशोधिकेने काही वर्षं त्याचा माग काढला. २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर तो हाती लागला आणि २०१७ मध्ये नवी जात जाहीर झाली. ‘टेक्टा’ म्हणजे लपलेला. इंग्रजीत त्याला हुडविंकर म्हणतात, आपल्याकडे चकवा म्हणता येईल.

हा दक्षिण गोलार्धातल्या गार पाण्याचा मासा मानला जात होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात सँटा बार्बराजवळ कोल ऑइल पॉइंटला एक सनफिश वाहून आला. सुरुवातीचे फोटो इंटरनेटवर पोचले तेव्हा तो मोला मोलाच वाटला. तज्ज्ञांना शंका आली, पण त्या फोटोंवरून काही ठरवता येईना. त्यांनी कळवलं, की आणखी फोटो हवेत. दोन दिवसांनी स्थानिक लोक पुन्हा किनाऱ्यावर गेले, मासा शोधून काढला, नमुना घेतला आणि या वेळी मागच्या कडेचे जवळून, नीट फोटो काढले. ते पाहिल्यावर न्यूगोर यांच्या मनात शंका उरली नाही. चकवा विषुववृत्त ओलांडून आला होता.